मावशीचा नवा फोन आणि झेरॉक्सवाल्याचं व्हॉट्सॲप : नेटवर नव्याने आलेल्यांसाठी प्रायव्हसीचा पाठ

माझ्या मावशीने साठी गाठल्यावर पहिला स्मार्टफोन घेतला आणि तिसऱ्याच दिवशी स्वतःचं आधार, पॅन, पासबुकचं पहिलं पान आणि वर काकांचं आधार असं सगळं एका अनोळखी माणसाला पाठवून मोकळी झाली. हॅकबिक काही नाही, प्रिंट काढायला झेरॉक्सच्या दुकानात गेलो होतो, तिथे भिंतीवर मोठ्या अक्षरात नंबर लिहिलेला, 'यावर व्हॉट्सॲप करा', तिने केलं. मी सोबत होते म्हणून पुढचं दिसलं. दुकानातल्या मुलाने मावशीचा मेसेज शोधायला कॉम्प्युटरवर लिस्ट वरखाली केली, स्क्रीन आमच्याकडेच तोंड करून, आणि तेवढ्या दहा सेकंदांत आम्हाला कुणाचा उत्पन्नाचा दाखला, कुणाची सोनोग्राफी, कुणाचं बारावीचं मार्कशीट आणि एक भाडेकरार असं सगळं दर्शन झालं. मुलगा साधा होता, वाईट अजिबात नाही. मी विचारलं, हे सगळं नंतर डिलीट करतोस का रे? तर म्हणाला, "करतो की ताई, मेमरी फुल झाली की."

तेव्हा लक्षात आलं की आपण सगळे त्या हुडी घातलेल्या हॅकरला घाबरून बसलोय आणि आपली कागदं मात्र आपल्याच हाताने काउंटरवर ठेवून येतोय. म्हणून मावशीच्या फोनवर दोन दुपारी बसून जे जे केलं ते त्याच क्रमाने इथे लिहितेय. फोन अँड्रॉइड आहे, कंपनीप्रमाणे सेटिंगची नावं जराशी इकडेतिकडे होतील, सापडलं नाही तर सेटिंग्जमध्ये सगळ्यात वर जी शोधायची पट्टी असते तिथे टाइप करा, मीही तेच करते.

आधी आधार, कारण तेच सगळीकडे फिरतं

आधारचा 12 आकडी नंबर पूर्ण दिसायलाच हवा असं बहुतेक ठिकाणी काहीही नसतं. मास्क्ड आधार नावाचा प्रकार आहे, त्यात पहिले 8 आकडे झाकलेले असतात आणि शेवटचे 4 दिसतात, ओळख पटवायला तेवढं पुरतं. काढायचं असं: माय-आधारच्या सरकारी वेबसाइटवर जायचं, आधार नंबर टाकायचा, रजिस्टर्ड मोबाइलवर ओटीपी येतो तो टाकायचा, डाउनलोड आधारवर जायचं आणि तिथे मास्क्ड आधार हवंय का असा छोटा चौकोन असतो त्यावर टिक करायची. तो चौकोन लोकांना दिसतच नाही, मलाही पहिल्यांदा दिसला नव्हता. पीडीएफ उघडायला पासवर्ड लागतो, तो म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल. आता हा पासवर्ड म्हणजे कुलूप समजू नका, ज्याला तुमचं नाव आणि जन्मसाल माहितीये तो कुणीही उघडेल, आणि आपल्याकडे जन्मसाल कुणाला माहिती नसतं?

2022 च्या मे महिन्यात एक गंमत झाली होती. यूआयडीएआय म्हणजे आधार देणारी सरकारी संस्था, तिच्या बंगळुरूच्या ऑफिसने लोकांना सांगितलं की आधारची झेरॉक्स कुठेही देत बसू नका, त्याऐवजी मास्क्ड वापरा, आणि सायबर कॅफेत डाउनलोड केलं तर ती फाइल तिथून कायमची काढून टाका. लोक घाबरले, बातम्या झाल्या, आणि दोनच दिवसांत ती सूचना मागे घेतली गेली, की याचा चुकीचा अर्थ निघतोय, नेहमीची काळजी घ्या म्हणजे झालं. मागे घेतली तरी माझ्या मते सल्ला सोळा आणे खरा होता.

कागदाची झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं पेनाने लिहायचं, कशासाठी दिली आणि तारीख. 'फक्त गॅस कनेक्शनसाठी' वगैरे. फोटोवर आणि नंबरवर थोडं येईल असं लिहायचं, कोपऱ्यात लिहिलं तर कोपरा कापता येतो.

आणि प्रिंटचं काय? शक्य असेल तर पेन ड्राइव्हवर फाइल न्या आणि काम झालं की त्यांनी कॉम्प्युटरवर कॉपी केली असेल तर ती पुसायला लावा. व्हॉट्सॲपवरच पाठवावं लागलं तर प्रिंट हातात आल्यावर दुकानात उभं राहूनच 'डिलीट फॉर एव्हरीवन' करा, त्याला साधारण दोन दिवसांचीच मुदत असते, घरी जाऊन करू म्हटलं की राहतंच. पण एवढ्याने फक्त चॅटमधलं जातं. प्रिंट काढायला त्याने फाइल डाउनलोड केलेली असते, ती डाउनलोड्स फोल्डरमध्ये तशीच पडून असते. म्हणून गोड बोलून सांगायचं, दादा तेवढं डाउनलोड्समधून पण काढ, आणि रिसायकल बिनमधून पण. पहिल्यांदा लाज वाटते. दुसऱ्यांदा नाही.

लाडकी बहीण योजनेचे फॉर्म 2024 मध्ये सुरू झाले तेव्हा आमच्या गल्लीत बायकांनी आधार, पासबुक, फोटो जो मागेल त्याला दिले, कुणी कार्यकर्ता, कुणी शेजारचा कॉलेजचा मुलगा, फॉर्म भरून देतो म्हणाला की दिलं. बहुतेकांनी खरंच मदत केली. पण ते फोटो आज कुठल्या कुठल्या फोनच्या गॅलरीत आहेत ते कुणालाच माहिती नाही, आणि ही गोष्ट परत बोलावून आणता येत नाही.

अंगठ्याला कुलूप

हे खूप कमी लोकांना माहिती असतं म्हणून जरा सविस्तर. आधारला बँक खातं जोडलेलं असलं की अंगठा लावून पैसे काढायची सोय आहे, एईपीएस म्हणतात, गावोगावी बँक मित्र मशीन घेऊन असतात ना तेच. त्यात ओटीपी लागत नाही, कार्ड लागत नाही, आधार नंबर आणि अंगठा बास. देशात काही ठिकाणी जमिनीच्या नोंदणीच्या दस्तांवरून अंगठ्याचे ठसे उचलून, त्यांचे नकली ठसे बनवून लोकांची खाती रिकामी केल्याची प्रकरणं पोलिसांनी पकडलेली आहेत. म्हणजे कोण काय करून बसेल!

यावर उपाय फुकट आहे. माय-आधारमध्ये लॉगिन केलं की 'लॉक / अनलॉक बायोमेट्रिक्स' असा पर्याय दिसतो, तो लॉक करायचा, की मग तुमचा अंगठा आधारसाठी कुठेच चालत नाही. लागेल तेव्हा थोड्या वेळापुरतं अनलॉक करता येतं, परत आपोआप लॉक होतं. तिथेच ऑथेंटिकेशन हिस्टरी पण बघून घ्या, गेल्या 6 महिन्यांत तुमचं आधार कुठे कुठे वापरलं गेलं ते दिसतं.

आता माझी चूक सांगते. मी मावशीचं लॉक केलं आणि तिला सांगायला विसरले. पुढच्या आठवड्यात ती रेशनला गेली, ई-पॉस मशीनवर अंगठा लागेना, दुकानदार म्हणाला भांडी घासून घासून तुमचे ठसे गेले आजी, तिने हात धुतले, पदराला पुसले, दहाही बोटं लावून झाली, मागे लाइन ताटकळलेली. मग मला फोन. "अगं माझी बोटंच बंद पडली." तर रेशन, पेन्शनचा हयातीचा दाखला, बँकेत अंगठा, असं काही असेल तर तिथे पोहोचून आपला नंबर जवळ आला की अनलॉक करा, घरून करून निघालात तर पोहोचेपर्यंत परत लॉक झालेलं असेल.

फोनचं स्वतःचं दार

स्क्रीन लॉक लावा, जन्मसाल नको, 1234 नको, गाडीचा नंबर पण नको. एवढं सगळेच सांगतात. जे सांगत नाहीत ते म्हणजे लॉक असलेल्या स्क्रीनवरसुद्धा मेसेज वाचता येतात, आणि बँकेचा ओटीपी मेसेजमध्येच येतो, मग लॉकचा काय उपयोग? सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स, त्यात लॉक स्क्रीन, तिथे संवेदनशील मजकूर लपवा असा पर्याय असतो, तो चालू करा.

सिमला पण वेगळा पिन लावता येतो, म्हणजे फोन चोरून सिम दुसऱ्या फोनमध्ये टाकलं तरी पिनशिवाय चालत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, सुरुवातीचा पिन कंपनीने ठरवलेला असतो, तो कस्टमर केअरला विचारूनच टाका, अंदाजाने ठोकू नका, तीनदा चुकलं की सिम ब्लॉक होतं आणि मग ते उघडायला कंपनीकडे पीयूके नावाचा नंबर मागत बसावं लागतं.

व्हॉट्सॲप

इथे चार कामं आहेत पण एक सगळ्यात मोठं, त्याने सुरुवात करते. वरचे तीन टिंब दाबा, लिंक्ड डिव्हायसेस उघडा. तुमचं व्हॉट्सॲप कुठल्या कुठल्या कॉम्प्युटरवर चालू आहे ते तिथे दिसतं. मी स्वतः एकदा बाहेरगावी एका कॅफेत प्रिंटसाठी व्हॉट्सॲप वेब उघडलं, गडबडीत लॉगआउट न करता बस पकडली, आणि अकरा दिवसांनी सहज बघितलं तर ते चालूच, शेवटचं वापरलं त्याच दिवशी सकाळी. म्हणजे अकरा दिवस माझ्या घरच्या ग्रुपवरची भांडणं, आईचे रिपोर्ट, सगळं कुणीतरी चहा पिता पिता वाचू शकत होतं. वाचलं का? कुणास ठाऊक. त्या नावावर टॅप करून लॉगआउट केलं आणि त्या दिवसापासून महिन्यातून एकदा बघतेच. नवरा-बायको, सासू-सून, होस्टेलची रूममेट, 'जरा फोन दे गं' म्हणून दोन मिनिटांत हे जोडून टाकणारे पण असतात, हे पण बोललं पाहिजे.

दुसरं, सेटिंग्जमध्ये अकाउंट, त्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन, तिथे 6 आकडी पिन ठेवायचा आणि ईमेल पण द्यायचा, विसरलात तर कामाला येतो. याने काय होतं की कुणी गोड बोलून तुमच्याकडून व्हॉट्सॲपचा कोड काढून घेतला, 'काकू चुकून माझा कोड तुमच्याकडे आलाय तेवढा सांगा ना' टाइप, तरी पिनशिवाय तो तुमचं खातं त्याच्या फोनवर उघडू शकत नाही.

तिसरं, प्रायव्हसीमध्ये ग्रुप्स, तिथे 'माय कॉन्टॅक्ट्स' करा, नाहीतर शेअर मार्केटच्या टिपा देणाऱ्या कुठल्याही ग्रुपमध्ये कुणीही ओढून घेतं. तिथेच लास्ट सीन आणि प्रोफाइल फोटो पण कुणाला दिसावा ते ठरवता येतं. चौथं, अनोळखी कॉल सायलेंट करायचं बटण, तेही प्रायव्हसीतच, कॉल्समध्ये.

सोसायटीच्या ग्रुपवर 'आम्ही चार दिवस कोकणात, पाण्याचा टँकर आला तर बघा' हे टाकणं थांबवा. शेजारणीला वेगळा मेसेज करा.

कुठलं ॲप काय मागतंय

टॉर्चच्या ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट कशाला हवेत? पंचांगाच्या ॲपला माइक? सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात परमिशन मॅनेजर, तिथे उलट्या बाजूने बघता येतं, म्हणजे लोकेशनवर दाबलं की लोकेशन घेणारी सगळी ॲप, माइकवर दाबलं की माइकवाली. मावशीच्या नव्याकोऱ्या फोनवर भाच्याने टाकलेल्या तीन गेमकडे माइक होता. काढून टाका, ॲप मोडत नाही, फार तर परत विचारतं. लोकेशन द्यायचंच तर 'ॲप वापरताना फक्त' एवढंच द्या, आणि अँड्रॉइड 12 पासून पुढे नेमकं आणि अंदाजे असे दोन पर्याय येतात, हवामानाच्या ॲपला अंदाजे पुरतं, त्याला काय आपला बिल्डिंग नंबर करायचाय. त्याच फोनवर माइक किंवा कॅमेरा चालू असताना वर उजव्या कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसतो, तुम्ही काहीच करत नसताना दिसला तर खाली ओढून बघा कोण आहे.

झटपट कर्ज देणाऱ्या ॲपबद्दल थोडं जास्त. ओळखीतल्या एका मुलाने पाच हजारांसाठी असं एक ॲप टाकलं, परवानग्या मागितल्या त्या सगळ्या दिल्या, हप्ता चार दिवस चुकला तर त्याच्या कॉन्टॅक्टमधल्या सगळ्यांना, त्याच्या होणाऱ्या सासऱ्यांना सुद्धा, फोटोसकट मेसेज गेले. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 च्या नियमांत स्पष्ट सांगितलंय की कर्जाच्या ॲपने फोनमधली कॉन्टॅक्ट लिस्ट, कॉल लॉग, फाइल्स यांना हात लावायचा नाही, केवायसीपुरता कॅमेरा वगैरे एकदा, तेही विचारून. म्हणजे जे ॲप कॉन्टॅक्ट मागतंय ते तिथेच नियम मोडतंय, पुढचं वाचायची गरजच नाही.

ॲप फक्त प्ले स्टोअरवरूनच. लग्नपत्रिका, वाहतूक पोलिसांचं चलन, बँकेची केवायसी, असल्या नावाने व्हॉट्सॲपवर येणाऱ्या फाइलच्या शेवटी एपीके असेल तर ती पत्रिका नाही, ते ॲप आहे, आणि ते टाकलं की तुमचे मेसेज परस्पर वाचले जाण्याची सोय तुम्हीच केलीत. ओळखीच्या नंबरवरून आली तरी नाही, कारण त्याचाच फोन गेलेला असतो.

गुगलला काय काय माहितीये

मावशी म्हणाली, "मी गुडघ्याच्या तेलाबद्दल नुसतं बोलले तर लगेच जाहिरात!" सगळ्यांनाच वाटतं फोन ऐकतो. मला विचाराल तर त्यांना ऐकायची गरजच पडत नाही, आदल्या दिवशी काकांनी त्याच वायफायवर गुडघेदुखी सर्च केलेलं असतं. गुगल अकाउंटमध्ये डेटा अँड प्रायव्हसी, तिथे वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी उघडून बघा, काय काय सर्च केलं, कधी केलं, सगळं तारखेनिशी सापडेल. तिथे ऑटो-डिलीट आहे, 3, 18 किंवा 36 महिने, 3 करा. नकाशाची टाइमलाइन, म्हणजे तुम्ही कुठे कुठे गेलात त्याची नोंद, चालू असेल तर बंद करा. आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, ॲड्स, तिथे ॲडव्हर्टायझिंग आयडी, म्हणजे जाहिरातवाले तुमचा फोन ओळखतात ती खूण, डिलीट करा. जाहिराती येतच राहतील, फक्त गुडघा सोडून भलत्याच.

इनकॉग्निटो, म्हणजे ब्राउझरची ती खाजगी खिडकी, म्हणजे अदृश्य होणं नव्हे हो. तुमच्या फोनवर हिस्टरी राहत नाही एवढंच, ऑफिसच्या नेटवर काय बघताय ते ऑफिसला कळू शकतंच.

पासवर्डबद्दल माझं मत थोडं जुनाट आहे. ईमेलचा आणि बँकेचा पासवर्ड वेगळा आणि लांब हवा, बाकी कुठे वापरलेला नको, कारण ईमेल गेला की बाकी सगळ्याचे पासवर्ड त्यातून बदलता येतात. लक्षात राहत नाही? मग डायरीत लिहा आणि कपाटात साड्यांखाली ठेवा. सगळीकडे एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा हे बरं, रशियातला चोर तुमच्या कपाटापर्यंत येत नाही. ज्यांना जमतं त्यांनी पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड सांभाळून ठेवणारं ॲप, वापरा.

मोबाइल नंबर

कपड्यांच्या दुकानात, मेडिकलमध्ये, मॉलमध्ये, 'नंबर सांगा' म्हणतात आणि आपण मागच्या चार लोकांना ऐकू जाईल असा सांगतो. सांगायलाच पाहिजे असं नाही. 2023 मध्ये ग्राहक व्यवहार मंत्रालयाने दुकानदारांना सूचना दिली होती की नंबर दिला नाही म्हणून बिल अडवू नका. नाही म्हणून बघा, शांतपणे, 'नंबर नाही देत, तसंच करा', बहुतेक वेळा होतं. नाहीच झालं तर दुसरं सिम ठेवा आणि दुकानं, सेल, लकी ड्रॉ सगळ्यांना तो द्या, बँकेचा नंबर बँकेपुरताच.

आणि तुमच्या नावावर किती सिम आहेत ते बघितलंय कधी? दूरसंचार खात्याच्या संचार साथी वेबसाइटवर आपला नंबर आणि ओटीपी टाकला की दिसतं. एका माणसाच्या नावावर 9 सिमपर्यंत चालतात, जम्मू-काश्मीर, आसाम आणि ईशान्येकडे 6. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच 'हा माझा नाही' असं कळवता येतं. काकांच्या नावावर एक जादा निघाला, कधीतरी स्टँडसमोर छत्रीखाली बसलेल्या पोराकडून सिम घेतलं होतं, तेव्हा 'अंगठा नीट लागला नाही, परत लावा' म्हणाला होता म्हणे. फोन हरवला तर याच साइटवरून तो ब्लॉक पण करता येतो.

तरी काही झालंच तर

पैसे गेले असतील तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन, मग बँक, मग सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार. लाज वाटून संध्याकाळपर्यंत घरात लपवून ठेवू नका, पहिल्या तासादोन तासात पैसे वाटेतच अडवता येण्याची शक्यता जास्त असते. फोटो, खाजगी व्हिडिओ यावरून कुणी धमकावत असेल तर त्याच पोर्टलवर बायका-मुलांच्या तक्रारींचा वेगळा भाग आहे, तिथे नाव न देताही कळवता येतं.

'एवढं काय लपवायचंय आपल्याला' हे वाक्य मावशीनेही म्हटलंच. 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या 9 न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला, आणि तो प्रश्न आला होता तोही आधारच्याच खटल्यातून, निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी कोर्टात गेले होते तेव्हा ते ऐंशीच्या पुढचे होते. हे सांगितल्यावर मावशी जरा थांबली, म्हणाली, म्हणजे म्हाताऱ्या माणसालाच याची काळजी बघ.

आता ती झेरॉक्सच्या दुकानात जाते तेव्हा त्या मुलाला समोर उभं राहून डिलीट करायला लावते, तो तिला लांबून बघूनच डाउनलोड्स फोल्डर उघडतो. फक्त एक गोष्ट मला जमलेली नाही. तिचा प्रोफाइल फोटो अजून सगळ्या जगाला दिसतो. पैठणी नेसलेला आहे. कॉन्टॅक्टपुरता ठेव म्हटलं तर म्हणते, दिसायची नव्हती तर नेसले कशाला?